जाणे आणि येणे

प्रवासाविषयी आजवर ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांनी जाण्याचे वर्णन जितक्या हौसेने केले आहे तितक्या हौसेने येण्याचे केलेले आढळत नाही. निघण्याची तयारी, वाटेतील शोभा, मुक्कामाची मौज यांस पानेच्या पाने खर्ची पडतात. आणि शेवटी ‘मग आम्ही सुखरूप घरी आलो’ एवढ्या एका वाक्यात परतीची बोळवण होते. वास्तविक प्रवासाचा कसोटीचा भाग जर कोणता असेल तर तो परतीचाच होय. जाताना अंगात उत्साह असतो, पिशवीत दशम्या असतात, खिशात पैसे असतात, आणि पुढे काहीतरी पाहावयाचे आहे ही आशा असते. येताना यांपैकी प्रत्येक वस्तू संपलेली असते. शिल्लक राहते ती आपल्यासारखीच दमलेली, आपल्याच वेळी निघालेली आणि आपल्याच वाटेने जाऊ पाहणारी गर्दी. अभिमन्यूस चक्रव्यूहात शिरण्याची विद्या अवगत होती, बाहेर पडण्याची नव्हती, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु प्रत्येक मोठ्या जत्रेत, सभेत आणि सामन्यात असे अभिमन्यू लाखांनी मोजावे लागतात, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

आमच्या वाडवडिलांस हे ठाऊक असावे असा आम्हांस संशय आहे. घरातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, असा आपल्याकडे दंडक आहे. त्यात अशुभाची भीती आहे हे खरेच. तथापि त्या भीतीच्या पोटी थोडे व्यवहारज्ञानही दडलेले असावे. उंबरठा ओलांडतानाच येण्याचे नाव घ्यावे, म्हणजे निदान त्या क्षणापुरता तरी येण्याचा विचार होतो. आज हा दंडक जिभेवर तेवढा राहिला आहे. आपण ‘येतो’ म्हणून निघतो आणि यावयाचे कसे हे तिकडे गेल्यावर पाहू, असे मनाशी ठरवितो.

हा विषय सुचण्यास आमचे गावही कारण आहे. घोटीस राहणाऱ्या माणसास दुसऱ्यांचे प्रवास पाहण्याचा योग जितका येतो, तितका इतरत्र क्वचितच येत असेल. मुंबईहून आग्र्यास जाणारा महामार्ग आमच्या दारावरून जातो. सिन्नरकडचा, त्र्यंबकचा व भंडारदऱ्याचा असे रस्ते त्यास येथेच फुटतात. १८६५ साली कसारा घाट चढून इगतपुरीस आलेली रेल्वे आमच्या गावाजवळून पुढे जाते. त्या घाटाची चढण ३७ फुटांस एक फूट अशी असल्यामुळे आजही तेथे गाड्यांस मागून जादा इंजिने लावून वर ढकलावे लागते. अलीकडे, म्हणजे २०२५ च्या जून महिन्यात, नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरांचा तो रस्ता पुरा झाला. तोही आमच्या शेजारूनच गेला आहे. भाताच्या गिरण्या आणि बाजार यांवर जगणाऱ्या या गावास एवढे मार्ग लाभले. मात्र जलद आगगाड्या घोटीस न थांबता निघून जातात आणि मोटारवाले चहापुरते थांबतात. आम्ही ओट्यावर बसून कोण कोठे जातो आणि कोणत्या मुद्रेने परत येतो एवढे पाहत असतो.

या पाहण्यातून काही गोष्टी शिकावयास मिळतात. मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याकडे काजवे पाहण्यास शहरातील लोक येतात. काजवा दिसावयाचा तर काळोख पाहिजे. आणि तो काळोख पाहण्यास निघालेल्या मोटारींच्या दिव्यांची रांग रात्री त्या अरुंद रस्त्यावर अशी लागते, की काजव्यांनी आपले चमकणे आवरते घ्यावे. नवरात्रात कळसूबाईच्या शिखरास जाणारे लोक १६४६ मीटर उंची पायांनी चढून येतात, त्याबद्दल त्यांची तक्रार नसते. पायथ्याच्या बारी गावात आपली गाडी दुसऱ्याच्या गाडीमागे अडकली, याबद्दल मात्र ते घोटीस येईपर्यंत तक्रार करीत असतात.

परंतु या विषयाचा शास्त्रशुद्ध विचार करण्याची पाळी आमच्यावर आली ती एका मोटारसायकलींच्या शर्यतीमुळे. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात २२ पासून २४ तारखेपर्यंत दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय शर्यतमार्गावर जगातील अग्रगण्य मोटारसायकलस्वारांची स्पर्धा व्हावयाची होती. हिंदुस्थानात ती प्रथमच होत होती. याच मार्गावर २०११, २०१२ व २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत झाली होती, आणि ती तिन्ही वेळा जर्मनीच्या सेबास्टियन व्हेटेलने जिंकली होती. त्या काळी आमचा भाचा शाळेत होता, व आपणांस ती पाहावयास मिळाली नाही हे दुःख त्याने दहा वर्षे जपून ठेविले होते. यंदा तो व त्याचे पाच मित्र यांनी तिकिटे काढिली. तिकिटे काढून झाल्यावर जावयाचे कसे हा प्रश्न निघाला, आणि त्याचा निकाल लावण्यास ती मंडळी आमच्या ओट्यावर जमली.

“मामा, यात विचार करण्यासारखे काय आहे?” भाच्याने रस्त्याकडे बोट दाखवून म्हटले. “हा रस्ता सरळ आग्र्याला जातो. तिथून यमुना एक्स्प्रेसवे घेतला की शर्यतीच्या दारातच उतरायचे.”

भूगोलाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे निर्दोष होते. आग्र्यापर्यंत हजार किलोमीटरांहून थोडे अधिक, आणि पुढे २०१२ साली खुला झालेला १६५ किलोमीटरांचा यमुना एक्स्प्रेसवे. त्याच्या कडेलाच शर्यतमार्ग आहे. उलट आगगाडीने जावयाचे म्हणजे आधी नाशिकरोड गाठावे, तेथून रात्र आणि दिवस प्रवास करून दिल्ली, दिल्लीस मुक्काम, मग मेट्रोने नोएडा, तेथे दुसरी मेट्रो; आणि ती मेट्रो जेथे संपते तेथून पुढे मैदान आणखी काही किलोमीटर राहतेच. कागदावर दोन्ही पक्ष मांडले तर मोटारीच्या बाजूस एक ओळ आणि आगगाडीच्या बाजूस सात ओळी होत होत्या. तरुण मनास एका ओळीची मोहिनी पडावी यात नवल नाही.

आम्ही त्यांस एक हिशेब घालून दिला. तो वाचकांसही सांगण्यासारखा आहे. कारण त्यास त्रैराशिकापलीकडे गणित लागत नाही. शर्यतीस एक लाख लोक आले असे धरू. ते सर्व मोटारीने आले व प्रत्येक मोटारीत तीन माणसे असली, तर मोटारी होतात तेहतीस हजारांवर. रस्त्याच्या एका पदरावरून, सर्व काही सुरळीत चालले असता, तासास सुमारे अठराशे मोटारी जाऊ शकतात. दोन पदर असले तर छत्तीसशे. तेहतीस हजारांस छत्तीसशेंनी भागा. उत्तर नऊ तासांहून अधिक येते. हेच लोक पन्नास-पन्नास करून बसमध्ये बसविले तर बसगाड्या लागतात दोन हजार. त्याच रस्त्याने त्या दोन तासांच्या आतच निघून जातील. आता येताना हे नऊ तास कोणास जाणवत नाहीत, कारण कोणी पहाटे येतो, कोणी नऊ वाजता, कोणी शर्यतीच्या अगोदर अर्धा तास. शिवाय कित्येक आदल्या दिवसापासूनच तेथे असतात. पण शर्यत संपते ती सर्वांची एकाच क्षणी संपते. चौकटीचा झेंडा खाली आला की एक लाख माणसांस घराची आठवण एकदमच होते. गर्दीच्या ठिकाणी जाणे हे नदीसारखे असते, अनेक ओढे मिळून हळूहळू भरते. आणि तेथून निघणे धरण फुटल्यासारखे. वाहन निवडणारा माणूस मात्र नदी पाहून निवड करतो.

हे आमच्याच देशात घडते असे कोणी समजू नये. मोटारींच्या शर्यतीचे माहेरघर म्हणविणाऱ्या इंग्लंडात २००० साली सिल्व्हरस्टोनची शर्यत नेहमीच्या जुलै महिन्याऐवजी ईस्टरच्या सुमारास, एप्रिलमध्ये भरली. पाऊस इतका झाला की मोटारी लावण्याची जी शेते होती त्यांचा चिखल झाला. आणि शनिवारी वाहनतळ बंद ठेवून, तिकिटे काढलेल्या लोकांसही ‘आज कृपा करून येऊ नका’ असे सांगण्याची पाळी चालकांवर आली. अमेरिकेत केंटकी येथे २०११ च्या जुलैमध्ये मोटारींची एवढी रांग लागली की हजारो लोकांस तिकीट खिशात असूनही मैदान दिसले नाही. पुढील वर्षी तेथे वाहनतळासाठी अधिक जमीन घेऊन रस्ता रुंद करावा लागला. जगातील अत्यंत वेगवान वाहन पाहण्याकरिता निघालेला मनुष्य जगातील अत्यंत मंद वाहनात अडकून पडतो, हा विनोद कोणा नाटककारास सुचला असता तर आपण तो अतिशयोक्त म्हटला असता.

याच्या उलट उदाहरण हॉलंडचे. झांडफोर्ट या समुद्रकाठच्या लहानशा गावी ३६ वर्षांच्या खंडानंतर २०२१ साली पुन्हा मोटारींची शर्यत झाली. गावात शिरण्यास रस्ते थोडके आणि तेही अरुंद. तेव्हा चालकांनी प्रेक्षकांच्या मोटारींस जवळजवळ दार बंदच केले. आगगाड्या तासास बारा, म्हणजे दर पाच मिनिटांस एक, अशा सोडल्या. आणि ज्यांस शक्य होते ते लोक सायकलीवर बसून आले. मोटारींचा वेग पाहण्यास सायकलीवरून जाणारी ही प्रजा आम्हांस फार शहाणी वाटते. त्यांनी मोटारीचा द्वेष केला नाही. मोटार मैदानात शोभते, मैदानाच्या वाटेवर शोभत नाही, एवढा विवेक केला.

हे सर्व ऐकून मंडळींत फूट पडली. तिघांनी मोटारीचा पक्ष धरला. दोघे आगगाडीकडे वळले. आणि भाचा मनाने मोटारीत असूनही देहाने आगगाडीत गेला, कारण मध्ये गौरी आल्या. त्या वर्षी गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरास होती आणि २२ तारखेस गौरीपूजन. मोटारीने जावयाचे तर त्या दिवशी सकाळीच निघावयास पाहिजे होते, आमच्या भगिनीने निक्षून सांगितले, “गौरी जेवल्याशिवाय घरातला मुलगा बाहेर पडायचा नाही. मग तुझी शर्यत कुणीही जिंको.” तेव्हा पुरणपोळी खाऊन, रात्रीची आगगाडी पकडून, तो दुसऱ्या दिवशी दिल्लीस पोहोचला. आम्ही हिशेब घालून जे साधले नाही ते गौरींनी साधले, असे आमच्या घरात अजून म्हणतात.

पुढची हकीकत परत आल्यावर दोन्ही पक्षांनी स्वतंत्रपणे सांगितली, आणि ती ताडून पाहता आम्हांस एक नवीच गोष्ट कळली. शर्यत संपताच मोटारवाले तिघे लगबगीने आपल्या गाडीकडे गेले. त्यांच्याप्रमाणेच इतर सर्वही लगबगीने गेले होते. त्यामुळे त्यांस गाडी चटकन सापडली, पण गाडीस रस्ता सापडेना. आगगाडीवाल्यांस गाडीच नव्हती, म्हणून घाईचे कारणही नव्हते. ते बाकावर तसेच बसून राहिले. बरोबर आणलेला चिवडा संपविला. शर्यतीची चर्चा केली. आणि गर्दी विरळ झाल्यावर पायी चालत बाहेर येऊन भाड्याच्या वाहनाने मेट्रोपर्यंत गेले. दोन्ही पक्ष मोठ्या रस्त्यास लागले तेव्हा घड्याळात जवळजवळ सारखीच वेळ झाली होती! म्हणजे तो वेळ दोघांसही द्यावा लागला. एकाने तो मोकळ्या हवेत, मित्रांशी बोलत दिला. दुसऱ्याने तो चक्र हातात धरून, पुढच्या गाडीचे लाल दिवे पाहत आणि एकमेकांवर चिडत दिला. गर्दीचा म्हणून जो कर आहे तो चुकविता येत नाही. तो कोठे आणि कसा भरावयाचा एवढीच निवड आपल्या हाती असते.

आणि मोटारवाल्यांचा कर तेथेच संपला नाही. भाचा रात्री आडवा होऊन झोपला तेव्हा त्याचे मित्र हजाराहून अधिक किलोमीटरांच्या परतीस आरंभ करीत होते. दिवसभर उन्हात बसलेल्या, उपाशी आणि चिडलेल्या तरुणाने रात्री सरळ आणि रुंद रस्त्यावर मोटार हाकावी, यासारखी भयंकर गोष्ट नाही. घाटरस्ता माणसास निदान जागा तरी ठेवतो. सरळ रस्ता झोप आणतो. त्यांस वेळीच शहाणपण सुचले, आणि आग्र्यास एका धर्मशाळेत त्यांनी रात्र काढिली, म्हणून ही हकीकत आम्ही विनोदाने सांगू शकतो. स्वतःच्या मोटारीचा मोठा गुण म्हणून जो सांगतात, की ती आपणांस दारापासून दारापर्यंत नेते, त्याची दुसरी बाजू हीच होय. ती आपणांस नेते खरी. पण तिला परत आणण्याची जबाबदारीही आपणांवरच टाकते. आगगाडीचा उतारू स्थानकाबाहेर पडला की आगगाडीशी त्याचा संबंध संपतो. मोटारीचा धनी मात्र जेथे जाईल तेथे एका अदृश्य दोरीने तिला बांधलेला असतो, आणि कितीही दूर भटकला तरी त्याला जेथून निघाला तेथेच परत यावे लागते.

येथे आगगाडीचा कैवार पुरा झाला असे वाचकांस वाटेल. परंतु तसे करणे सत्यास धरून होणार नाही. आगगाडी पुष्कळ माणसे नेऊ शकते हे खरे. पण ती पुष्कळ माणसे एका जिन्यावरून आणि एका फलाटावरून जावयाची असतात. १० फेब्रुवारी २०१३ रोजी, मौनी अमावास्येस, कुंभाचे स्नान आटोपून घरी निघालेल्या यात्रेकरूंची अलाहाबादच्या स्थानकावर चेंगराचेंगरी झाली आणि ३६ माणसे गेली. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्लीच्या स्थानकावर प्रयागराजास निघालेल्या गर्दीत १८ माणसे गेली. अलाहाबादची माणसे तर संगमावरून सुखरूप परतली होती. त्यांचे पर्व पदरात पडले होते, राहिले होते ते फक्त घरी येणे. मोटारीच्या रांगेत अडकलेला मनुष्य वेळ गमावतो. जिन्याच्या तोंडाशी अडकलेला मनुष्य जीव गमावू शकतो. म्हणून कोणते वाहन चांगले या प्रश्नास, जे वाहन पुष्कळ माणसे नेते ते, एवढे उत्तर पुरेसे नाही. जेथे आपण उतरणार आणि जेथून पुन्हा चढणार तेथे दार किती रुंद आहे, हे आधी विचारावयास पाहिजे.

ही सर्व चर्चा शर्यतीपुरती असती तर आम्ही ती ओट्यावरच सोडून दिली असती. परंतु आमच्या भागास याहून मोठ्या गर्दीचा शेजार आहे. घोटीहून वैतरणा-पहिण्याच्या रस्त्याने त्र्यंबकेश्वर फार लांब नाही. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करण्यास रविवारच्या रात्रीपासून लोक लोटतात. सुमारे वीस किलोमीटरांची ती प्रदक्षिणा पावसात, चिखलात, अनवाणी करतात. त्या दिवशी खासगी वाहने अलीकडेच थांबवून एस. टी. च्या जादा गाड्या सोडण्यात येतात. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली धाव घेतलेल्या या लाल गाडीस कोणी सुंदर म्हणत नाही, आणि तिच्यात खिडकीची जागा मिळविण्यासाठी रुमाल टाकण्याची जी कला लागते ती आमच्या वयास साधत नाही. पण फेरी करून आलेला, पायांचे गोळे दुखणारा मनुष्य जेव्हा तिच्यात अंग टाकतो तेव्हा त्यास आपले वाहन कोठे उभे केले होते हे आठवावे लागत नाही, ही लहान कृपा नव्हे. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेस दिंड्या पायी येतात, त्यांचा तर प्रश्नच मिटलेला असतो. ज्याचे वाहन त्याचे पाय, त्यास ते कोठे लावावे ही विवंचना नाही. आणि दिंडीत प्रत्येकास आपली जागा ठाऊक असल्यामुळे हजारो माणसे चालत असूनही ती गर्दी होत नाही.

सिंहस्थाची गोष्ट या सर्वांहून मोठी. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकास रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेत चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे मृत्यू पावली, हे आमच्या पिढीस विसरता येण्यासारखे नाही. पुढील सिंहस्थात, २०१५ साली, त्याच आठवणीने इतका बंदोबस्त झाला की २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीस लोकांस गावाबाहेर उतरवून मैलोगणती चालविण्यात आले. पुष्कळजण या धास्तीने आलेच नाहीत, आणि रस्ते ओसाड दिसले. टीका झाली, १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीस निर्बंध सैल झाले, आणि लोक पुन्हा लोटले. या दोन पर्वण्यांच्या मध्ये कोठेतरी योग्य व्यवस्था आहे. ती शोधणे हे राज्यकर्त्यांचे काम. पण प्रत्येक घराने आपल्यापुरते काय ठरवावे हे काम कोणी राज्यकर्ता आपल्याकरिता करणार नाही.

आमच्या घरात हा प्रश्न आमच्या मातोश्रींनी उपस्थित केला. त्यांस ८१ वर्षे झाली आहेत. गुरू सिंह राशीस गेला की सिंहस्थ लागतो, तसा तो ३१ ऑक्टोबर २०२६ पासून, आणि पहिली पर्वणी २ ऑगस्ट २०२७ ची, असे जाहीर झाले तेव्हा त्या वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाल्या, “हा माझा शेवटचा सिंहस्थ. मला एकदा कुशावर्तावर न्यायचे.” त्या वाक्यास उत्तर नव्हते. बारा वर्षांनी येणाऱ्या गोष्टीविषयी ८१ वर्षांच्या माणसाशी वाद घालता येत नाही.

तेव्हा पुन्हा ओट्यावर सभा भरली. थोरल्या बंधूंनी आपली नवी मोटार देऊ केली. तिच्यात आईस निजूनही जाता येईल असे ते म्हणाले. ते खरे होते. परंतु पर्वणीच्या दिवशी मोटार अलीकडेच थांबणार, तेथून बस, आणि बसपासून कुंडापर्यंत चालणे. वाहनाचे सुख वीस-पंचवीस किलोमीटरांचे. आणि म्हाताऱ्या माणसाची कसोटी शेवटच्या दोन किलोमीटरांची. भाच्याने चाकांच्या खुर्चीची सूचना केली. ती गर्दीत ढकलणार कोण, आणि लोट मागून आला तर तिला थांबविणार कोण, यास उत्तर निघेना. कोणी म्हणाले घरीच गंगोदक आणून स्नान घालावे. मातोश्रींनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले. शर्यतीच्या वेळचा आमचा हिशेबही त्यांनी आतल्या खोलीतून ऐकला होता असे आता दिसून आले, कारण त्या म्हणाल्या, “तुम्ही सगळे गाडीचे ठरवताय. दिवसाचे कोण ठरवणार? गोदावरी काय पर्वणीलाच वाहते? सिंहस्थ वर्षभर असतो. लोक येऊन गेले की एखाद्या साध्या बुधवारी मला एस. टी. त बसवा. पर्वणीचे पुण्य साधूंना राहू दे. मला पाणी मिळाले म्हणजे झाले.”

इतके दिवस आम्ही वाहनांची तुलना करीत होतो; मोटार, आगगाडी, बस, सायकल आणि पाय यांचे गुणदोष मांडीत होतो; आणि या सर्वांहून जे थोर वाहन, ते म्हणजे वेळ, त्याकडे आमची दृष्टीच गेली नव्हती. झांडफोर्टच्या लोकांनी दर पाच मिनिटांस गाडी सोडून जे साधले ते आमच्या आईने बुधवार निवडून साधले. सर्वांसच पर्वणी सोडता येणार नाही हे आम्ही जाणतो. ज्याची श्रद्धा त्या तिथीवर आहे त्यास ती तिथीच पाहिजे. शर्यत तर रविवारी आहे ती रविवारीच पाहावी लागणार. परंतु तेथेही थोडे अगोदर जाऊन थोडे उशिरा निघणे ज्यास साधते, त्याचे निम्मे संकट टळते. आणि ज्यांस तिथीचा आग्रह नाही त्यांनी ती सोडली, तर ज्यांस आहे त्यांची वाट तेवढी रुंद होते. रस्ता रुंद करण्याचा याहून स्वस्त उपाय कोणत्याही अभियंत्याने अद्याप शोधून काढलेला नाही.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आमच्या घरात अजून वाचली जाते. राजाने देवाचा गाभारा दुधाने भरण्याची आज्ञा केली. साऱ्या गावाने घरचे दूध नेऊन ओतले, पण गाभारा भरला नाही. दुपारी एक म्हातारी आली. तिने आधी घरच्या मुलांबाळांस व वासरांस तृप्त केले होते. मग उरलेले खुलभर दूध घेऊन ती सावकाश देवळात गेली, आणि गाभारा भरला. मुलांबाळांस उपाशी ठेवून केलेली भक्ती देवास आवडत नाही हे तिचे तात्पर्य सर्वांस ठाऊक आहे. या वेळी ती ऐकताना आमच्या लक्षात एवढेच अधिक आले, की म्हातारी देवळात गेली तेव्हा गर्दी ओसरली होती, आणि परत येताना तिला कोणाचाही धक्का लागला नसावा.

बुधवार कोणता ते अजून ठरावयाचे आहे. दसरा-दिवाळीच्या मधला धरावा, पाऊस गेलेला असतो आणि थंडी पडलेली नसते, असे आमच्या मातोश्रींचे मत आहे. घोटीच्या स्थानकावरून सकाळी त्र्यंबकास जाणारी गाडी केव्हा सुटते एवढे विचारून त्या थांबल्या नाहीत. तिकडून शेवटची गाडी केव्हा निघते, हेही त्यांनी भाच्याकडून लिहून घेतले आहे.